वायफाय अडॅप्टर (मेजसंगणक)

वायफाय अडॅप्टर हे मेजसंगणकास (डेस्कटॉप संगणकास) तारेवाचून घरातील जाळ्याशी व त्याद्वारे आंतरजालाशी जोडणारे उपकरण आहे. राउटरकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचे विदेत आणि संगणकाकडील विदेचे रेडिओ लहरींत रूपांतर करणे, हे त्याचे कार्य होय. भ्रमणध्वनी व लॅपटॉप यांत ही सोय अंगभूत असते. मेजसंगणकांच्या अनेक मदरबोर्डांवर ती नसते, त्यामुळे अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. ऑनलाइन खेळांसाठी तो निवडताना कमाल वेगापेक्षा विलंबाची स्थिरता अधिक महत्त्वाची ठरते.

खेळांची गरज

ऑनलाइन खेळात खेळाडूच्या हालचाली व सर्व्हरची उत्तरे यांची लहान लहान पाकिटे सेकंदाला अनेक वेळा ये-जा करतात. हा भार बहुधा सेकंदाला १ मेगाबिटपेक्षाही कमी असतो. मोठा वेग उपयोगी पडतो तो खेळ किंवा त्याची सुधारित आवृत्ती उतरवून घेताना. प्रत्यक्ष खेळताना पुढील तीन बाबी निर्णायक असतात.

- विलंब (पिंग): पाकीट जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा काळ. तो मिलिसेकंदांत मोजतात.
- चढउतार (जिटर): या काळात होणारा कमीजास्तपणा.
- गळती: वाटेत हरवणारी पाकिटे.

वायफायचे माध्यम सामायिक असते. एका वाहिनीवर प्रत्येक उपकरण आधी माध्यम मोकळे आहे का ते पाहते आणि मगच प्रक्षेपण करते. शेजारच्या घरांतील राउटर त्याच वाहिनीवर असतील, तर हे थांबणे वाढते व चढउतार निर्माण होतो.

प्रकार

यूएसबी अडॅप्टर बसवण्यास सर्वांत सोपा असतो. संगणक उघडावा लागत नाही. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट असल्याने वेगवान अडॅप्टर यूएसबी ३.० जोडणीतच लावतात. मात्र यूएसबी ३.० जोडणीमुळे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात रेडिओ व्यत्यय येऊ शकतो. विस्तार तारेने अडॅप्टर संगणकापासून थोडा दूर ठेवल्यास हा व्यत्यय कमी होतो.

पीसीआयई कार्ड मदरबोर्डावरील खाचेत बसते व त्याला बाहेरून अँटेना जोडतात. खरेदीपूर्वी खाच मोकळी आहे का ते पाहावे लागते, कारण जाड ग्राफिक्स कार्डाखाली ती अनेकदा झाकली जाते. कार्डात ब्लूटूथ असल्यास त्यासाठी बहुधा मदरबोर्डावरील यूएसबी जोडणीला वेगळी तार लावावी लागते.

एम.२ मॉड्यूल ज्या मदरबोर्डावर ‘ई-की’ खाच असते तेथे बसते. इंटेलची काही मॉड्यूल (उदा. एएक्स२०१, एएक्स२११) त्याच कंपनीच्या विशिष्ट प्रणालींवरच चालतात, एएक्स२०० व एएक्स२१० यांना ते बंधन नाही. क्रमांकांतील हा अल्प भेद लक्षात न आल्यास खरेदी वाया जाते.

मानके आणि वारंवारता पट्टे

वायफायची मानके ८०२.११ या मालिकेत मोडतात. २००९ चे ८०२.११एन, २०१३ चे ८०२.११एसी व २०२१ चे ८०२.११एएक्स यांना अनुक्रमे वायफाय ४, ५ व ६ म्हणतात. ही सुटसुटीत नावे २०१८ पासून रूढ झाली. वायफाय ७ उपकरणांचे प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. अडॅप्टर व राउटर यांपैकी जे जुने, त्याच्याच मानकाने जोडणी होते. वायफाय ५ च्या राउटरपुढे वायफाय ७ चा अडॅप्टर आपले नवे गुण दाखवू शकत नाही.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक पोहोचतात. परंतु या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या साधारणतः तीनच (१, ६ व ११) मिळतात व ब्लूटूथ उपकरणेही तेथेच असतात. ५ गिगाहर्ट्झ पट्टा अधिक मोकळा असतो, पण काँक्रीटच्या वा जाड दगडी भिंतींतून क्षीण होतो. ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी विंडोज ११ आवश्यक असते. अमेरिकेने हा पट्टा २०२० मध्ये विनापरवाना वापरास खुला केला. भारतात ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झ या भागासंबंधीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेष्टनावरील आकडे

‘एएक्स३०००’ यासारखा आकडा म्हणजे दोन पट्ट्यांतील सैद्धांतिक वेगांची बेरीज असते: ५ गिगाहर्ट्झवर २,४०२ आणि २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ मेगाबिट. वायफाय ६ पर्यंतचा अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो, त्यामुळे ही बेरीज कधीच एकत्र मिळत नाही. शिवाय २,४०२ चा वेग मिळण्यास राउटरलाही १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी वापरता यावी लागते. ८० मेगाहर्ट्झवर तो १,२०१ इतका होतो.

मांडणी आणि तपासणी

संगणकाची पेटी धातूची असते व बहुधा मेजाखाली भिंतीलगत ठेवली जाते. तिच्या मागे अडकलेल्या अँटेना क्षीण संदेश ग्रहण करतात. तारेने जोडलेला अँटेनाचा पाया मेजावर ठेवणे हितकारक ठरते. मदरबोर्डात वायफाय अंगभूत असूनही सोबत आलेल्या अँटेना न बसवणे, ही वारंवार आढळणारी चूक आहे.

नवा अडॅप्टर घेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे तपासता येते. संगणकावरून राउटरच्या पत्त्यावर ‘पिंग’ आज्ञा काही मिनिटे चालवल्यास घरातील विलंब कळतो. तो काही मिलिसेकंदांवर स्थिर असूनही खेळ अडखळत असेल, तर कारण बहुधा सेवादात्याच्या जोडणीत किंवा सर्व्हरच्या अंतरात असते व अडॅप्टर बदलल्याने ते दूर होत नाही. मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,९०० किमी आहे. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. म्हणजे येण्याजाण्यास किमान ३९ मिलिसेकंद लागणारच.

पर्याय

जेथे तार नेणे शक्य आहे, तेथे ईथरनेट हा खेळांसाठी सर्वांत स्थिर मार्ग होय. कॅट ५ई प्रकारची तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. भाड्याच्या घरात किंवा वसतिगृहात भिंतीला छिद्र पाडता येत नाही. अशा ठिकाणी योग्य जागी ठेवलेला साधा वायफाय ५ किंवा ६ चा अडॅप्टरही पुरेसा ठरू शकतो.

हे सुद्धा पहा

- राउटर
- ईथरनेट
- ब्लूटूथ
- मदरबोर्ड