हॉथॉर्नच्या मुलाखती
शिकागोनजीकच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 ते 1930 या अवधीत सुमारे 21,000 कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतकारांनी, कामगार पुनःपुन्हा आपल्याच विषयाकडे वळतो असे दिसून आल्यावर, प्रश्न बाजूस सारून त्याचे म्हणणे निमूटपणे ऐकून घेण्याचे धोरण स्वीकारले. ‘यंत्र नादुरुस्त आहे’ ही तक्रार तत्काळ पडताळता येते, ‘खोलीत उकडते’ हिचा निवाडा तेवढा सोपा नसतो, आणि वरिष्ठांविषयीच्या गाऱ्हाण्यात तर पुष्कळदा घरचे दुःखही मिसळलेले असते. एका कामगार स्त्रीला बोलता बोलता स्वतःच उमगले की, पर्यवेक्षकाविषयी तिला वाटणाऱ्या तिटकाऱ्याचे मूळ, तो आपल्या नावडत्या सावत्र वडिलांसारखा भासतो, यात होते. मात्र नुसते कान दिल्याने मालकाची जबाबदारी सरते, असा अर्थ यातून काढणे सर्वथा अन्याय्य होय. ज्या तक्रारीचा निकाल एका हुकमाने त्याच दिवशी लागू शकतो, ती दप्तरी दाखल करून ठेवणे अक्षम्यच. मालकाची अशी काही जबाबदारी कायद्यानेही ठरवून दिली: आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाने हातपाय धुण्याची सोय, उभ्याने काम करणाऱ्यांस सवड मिळताच बसण्याची व्यवस्था, आणि 500 वा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक बंधनकारक केली.