काचेतलं तळं

पाण्यावर पडून परतणाऱ्या प्रकाशाला एक वळण लागतं. एरवी त्याच्या लहरी सगळ्या दिशांनी थरथरत असतात. पाण्यावरून परतल्या की बहुतेक आडव्याच थरथरतात. हा ध्रुवित प्रकाश. आपल्या डोळ्यांना त्यातला फरक जाणवत नाही. मेफ्लाय नावाच्या नाजूक किड्याला मात्र तो स्पष्ट दिसतो, आणि पाणी ओळखण्याची त्याची खूणच ती! सोलर पॅनेलची काळीभोर काच ही खूण अनेकदा खऱ्या पाण्याहूनही ठळक उमटवते. मग मेफ्लायची मादी ओढा सोडून काचेवर अंडी घालते. ती तिथेच वाळून जातात.

हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली यावर मांडलेला उपाय थक्क करणारा आहे. काळ्या काचेवर पांढऱ्या पट्ट्यांची जाळी आखायची, बस्स. किड्यांचं येणं १० ते २६ पटींनी घटलं. काळा भाग जवळपास तेवढाच राहिला. त्याचे फक्त तुकडे पडले.

पक्ष्यांचं कोडं जास्त अवघड. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याच्या प्रयोगशाळेने २०१४ च्या एका अहवालासाठी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या ३ सौरप्रकल्पांवर सापडलेले २३३ मृत पक्षी तपासले. त्यांत ‘डेझर्ट सनलाइट’ या प्रकल्पाच्या पॅनेलांमध्ये सापडलेले पाणपक्षीही होते. वैराण वाळवंटात पाणपक्षी! पॅनेलांचा तो अफाट निळसर पसारा त्यांना तळं वाटला असावा, असा अंदाज आहे. आपल्या गावतळ्यात बुडी मारणारी टिबुकली आठवून बघा. तिचे पाय शरीराच्या पार मागे असतात. पोहायला उत्तम, चालायला जवळजवळ निरुपयोगी. उडण्याआधी तिला पाण्यावर पाय मारत धावावं लागतं. तिच्या कुळातला पक्षी वाळवंटात धडधाकट उतरला, तरी तिथेच अडकतो.

त्या अहवालाने सुचवलं काय? पॅनेलांवर अतिनील किरण परतवणारे किंवा ठळक उठून दिसणारे पट्टे, एकमेकांपासून २८ सेंमीच्या आत. किड्यांचा आणि पक्ष्यांचा अभ्यास वेगवेगळ्या वाटांनी पट्ट्यांशीच येऊन थांबला.

पट्ट्याने झाकलेली जागा वीज देत नाही, हे खरं. पण पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या सेलांमध्ये फटी असतातच; त्यांच्यामागचा थर पांढरा असला की पांढरी जाळी आपोआप दिसते, आणि तो पांढरा ठेवायचा की काळा, हे कारखान्यातच ठरतं. निव्वळ देखणी दिसतात म्हणून घेतली जाणारी पूर्ण काळी पॅनेलं निदान धरणा-तळ्यांच्या काठी तरी टाळावीत, असं मला मनापासून वाटतं. पांढरा थर तर फटीत पडलेला थोडा प्रकाश पुन्हा सेलांकडे वळवतो, म्हणजे तिथे विजेचाही तोटा नाही.