‘सेव्हन’ची साथ, ग्रीसचे हात!

दुसऱ्या महायुद्धाआधीची गाडी, तीही आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःच्या हातांनी धावती करायचीय? मग डोळे झाकून इंग्लंडची ‘ऑस्टिन सेव्हन’ निवडा!

माहीत आहे का, ही गाडी कागदावर कोणी उतरवली? अवघ्या १८ वर्षांच्या ड्राफ्ट्समनने! हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅनली एज नावाच्या पोराला थेट घरी बोलावलं आणि बिलियर्ड रूममध्ये ड्रॉइंगला बसवलं. १९२२ मध्ये गाडी आली, १९३९ पर्यंत तब्बल २ लाख ९० हजारांच्या आसपास बनल्या. व्हीलबेस? सुरुवातीला फक्त सव्वासहा फूट!

मूर्ती लहान, पण खानदान बघा. बीएमडब्ल्यूची पहिली कार म्हणजे लायसन्सवर बनलेली सेव्हनच. लोटसच्या कॉलिन चॅपमननी पहिली गाडी उभारली तीही जुन्या सेव्हनवर. आणि ब्रूस मॅक्लारेन? हो, तेच फॉर्म्युला वनवाले! न्यूझीलंडमध्ये पोरवयात ते पहिल्यांदा स्पर्धेत उतरले ते वडिलांसोबत दुरुस्त केलेल्या सेव्हनमधून. म्हणजे तुम्ही बड्या लोकांच्या रांगेत उभे आहात, राव!

चला, आता बाह्या सरसावा.

पहिला धक्का टूलबॉक्समध्येच. घरातले मेट्रिक पाने इथे चालत नाहीत, व्हिटवर्थ साइजचे पाने लागतात. आणि गंमत म्हणजे पान्यावरचा १/४ इंच हा आकडा नटाचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो. पान्याचं तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून मोठं! आट्यांचा कोनही ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. जबरदस्तीने मेट्रिक बोल्ट पिळलात, तर आधी बोल्टचे आणि मग तुमचे आटे ढिले!

इंजिन जाम आहे? हँडलवर जोर अजिबात नको. चारही स्पार्क प्लग काढा, भोकांतून पातळ तेल सोडा आणि लोणच्यासारखं मुरू द्या. चांगलं मुरलं, की टॉप गिअर टाकून गाडी हलकेच पुढे-मागे डोलवा. तरीही हलत नाही? हेड खोला. साइड-व्हॉल्व्ह इंजिन असल्यामुळे हेड उचललं, की पिस्टन आणि व्हॉल्व्ह थेट नजरेसमोर. शिकायला याहून सोपं इंजिन शोधून सापडणार नाही.

हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा, माहीत आहे का? बोटांच्याच बाजूला! दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला, तर हँडल अंगठा मोडूनच थांबतं. ही एक सवय पहिल्या दिवसापासून लावाच.

ब्रेकची कथा तर भन्नाट. सुरुवातीच्या गाड्यांत पायाने दाबलं की मागची चाकं थांबायची आणि पुढच्या चाकांसाठी हाताने लिव्हर ओढायचा! दोन्ही जोडले गेले ते १९३० मध्ये. गाडी त्याआधीची असेल, तर गल्लीत भरपूर सराव करा, मगच हायवे.

आणि हो, सुताराचा नंबर हाताशी ठेवा. बऱ्याच बॉडींच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. वरून पेंट चकाचक, आतून लाकूड भुसभुशीत, असा सौदा होऊ शकतो. दार उघडून बिजागरीपाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. रुतला, तर किंमत पाडा!

पार्टस् मिळतील? मिळतील! ब्रिटनमध्ये सेव्हनचे सुटे भाग आजही नवे बनतात, आणि नवशिक्यांना हात देणारे क्लबही आहेत. मी ही गाडी सुचवतो ती याचसाठी.

एक काम मात्र चुकवू नका. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, काढल्यावर लेबल लावलेली पिशवी.

भारतातही जुन्या गाड्यांचा खास थाट आहे, बरं का! २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. रोज ऑफिसला मात्र ती नेता येत नाही.

शेवटचा सल्ला, अगदी मनापासून: पहिली गाडी पूर्ण आणि जोडलेलीच घ्या. खोक्यांत भरलेले सुटे भाग कितीही स्वस्त मिळाले, तरी ते दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवा.