दोन रेशनकार्डं आणि जमिनीचा कागद

2022च्या डिसेंबरात कर्नाटकाशी सीमावाद पुन्हा पेटला, तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरावरही चढले. महाराजगुड्यातल्या एका घराच्या मधून महाराष्ट्र-तेलंगणाची सीमा जाते, स्वयंपाकघर तेलंगणात आणि निजायच्या खोल्या महाराष्ट्रात, ही बातमी देशभर फिरली. इथल्या चौदा गावांत घरोघरी दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. मराठी शाळा आहे तशी तेलुगू शाळाही. वाचणाऱ्यांना नवल वाटलं, काहींना ही चंगळ वाटली. त्या घरांसमोरच्या शेताचा कागद कोणाच्या नावावर आहे, हे मात्र कोणी फारसं विचारलं नाही. या मुलखाचं स्थलांतर आणि राजकारण त्या कागदापासून उलगडायला हवं, असं मला वाटतं.

या डोंगराच्या पायथ्याशी गडचांदूर आहे. बाहेरच्यांना ते सिमेंटचं गाव म्हणून माहीत. इथला चुनखडीचा दगड पाहून 1980च्या दशकात गावात माणिकगड सिमेंट आणि जवळच्या आवारपुरात लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आला. आज दोन्ही अल्ट्राटेककडे आहेत. त्यांच्यामागोमाग उत्तर भारतातले कामगार आले, ट्रकवाले आले, खानावळी आल्या. हे स्थलांतर ठळक दिसतं, कारण त्याला वसाहत आहे, गेट आहे, हजेरीपट आहे. डोंगरावर चढलेल्या माणसांचा असा कुठलाच हजेरीपट नाही.

गडचांदूर ज्या कोरपना तालुक्यात आहे तो आणि वरचा जिवती, दोन्ही जुन्या राजुरा तालुक्यातून निघाले. राजुरा होता निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत, पलीकडे हैदराबाद संस्थान. म्हणून विदर्भात असूनही राजुऱ्यात 17 सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा होतो. 1956च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा आदिलाबादपासून तोडून नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. गोंड आणि कोलाम आदिवासी आपापल्या गुड्यांवरच होते. जिल्हा, राज्य आणि कचेरीची भाषा तेवढी बदलत गेली.

इथे एका परदेशी अभ्यासकाचं नाव घ्यावंच लागतं. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जंगल राखीव झालं होतं, कसलेल्या जमिनीचा पट्टा बाहेरच्यांच्या नावे होत होता. भीमाचं बंड त्यातून उठलं होतं. आदिवासी का उठले, हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला कामाला लावलं. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाई नावाच्या गोंड खेड्यात राहिले. किंगरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधानांकडून त्याने त्या उतरवून घेतल्या. मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाले आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण आदिलाबादच्या गोंडांची बाजाराची भाषा तेव्हा मराठी होती. त्याच दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टेही मिळाले. एखाद्या अभ्यासाचा असा थेट उपयोग झाल्याची उदाहरणं आपल्याकडे थोडीच.

हायमेनडॉर्फ 1970च्या दशकात परतला, तेव्हा त्यातल्या कितीतरी जमिनी आदिवासींच्या हातून गेलेल्या त्याला दिसल्या. बाहेरून येऊन बसलेल्यांत महाराष्ट्रातून गेलेले शेतकरी आणि बंजारा मोठ्या संख्येने होते. हे त्याने 1982च्या पुस्तकात दुःखाने लिहिलं आहे. त्याच काळातली दुसरी बाजू आपल्याकडे अजून नीट लिहिली गेलेली नाही. 1972च्या दुष्काळाने मराठवाड्यातली विहीर, जनावर, रोजगार सगळंच आटवलं. नांदेड-परभणीकडची बंजारा, मराठा, मातंग, बौद्ध कुटुंबं बैलगाड्यांनी आणि पायी माणिकगडच्या डोंगरावर आली. झाडं तोडली, दगड वेचले, ज्वारी-कापूस पेरला. ती कोणाचं राज्य बळकवायला नव्हती आली, पोट घेऊन आली होती. आणि तरीही कोलामांची तक्रार खरीच आहे: पाण्याजवळची, सपाटीची जमीन नव्यांकडे गेली आणि कोलाम आणखी वर सरकले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय इथलं काही कळत नाही. अभ्यास मात्र राज्यांच्या हद्दीप्रमाणे वाटले गेले. पलीकडचे संशोधक या स्थलांतरितांना घुसखोर म्हणून मोजतात, अलीकडचे दुष्काळग्रस्त म्हणून.

आता कायद्याकडे येऊ. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवलं की पुरतं. इतरांना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. दुष्काळात आलेल्या मातंग किंवा मराठा कुटुंबाला हे कुठल्याच राज्यात शक्य नाही. बंजाऱ्यांचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. 1976च्या कायद्याने तेलंगण भागातले बंजारा, म्हणजे लंबाडा, अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींच्या यादीत राहिला. म्हणजे या चौदा गावांत एकाच तांड्यातल्या एकाच वावराला तेलंगणाच्या दप्तरात 2005ची अट आणि महाराष्ट्राच्या दप्तरात 1930ची. कसणारा तोच, बांधही तोच.

मतदानातही हाच प्रकार. तेलंगणाच्या हिशेबी ही गावं केरामेरी मंडलात येतात, ज्या मंडलात भीमाचं जोडेघाट आहे. तिथला आसिफाबाद विधानसभा मतदारसंघ आणि आदिलाबाद लोकसभा मतदारसंघ, दोन्ही अनुसूचित जमातीसाठी राखीव. इकडचे राजुरा आणि चंद्रपूर खुले. 2019 मध्ये दोन्हीकडची लोकसभेची मतदानं एकाच दिवशी, 11 एप्रिलला आली. 2024 मध्ये चंद्रपूरचं 19 एप्रिलला झालं, आदिलाबादचं 13 मेला. दोनदा बोटाला शाई लावणाऱ्यांना हसणं सोपं आहे. पण तेलंगणाची रैतू बंधू योजना 2018 पासून पट्टेदाराला पैसे देत होती, आणि ज्याच्याकडे पट्टाच नाही त्याने दोन्हीकडे मत टाकून दोन्हीकडे दार ठोठावायचं नाही, तर करायचं काय? रेशन आणि पेन्शन देताना सरकारं चढाओढ करतात. जमिनीचा कागद द्यायची वेळ आली की वनखात्याकडे बोट दाखवतात.

या गावांवरचा न्यायालयातला वाद 1997 मध्येच महाराष्ट्राच्या बाजूने संपला होता. 2025च्या जुलैत राज्य सरकारने ही गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची हालचाल सुरू केली. पाठोपाठ 2 सप्टेंबरला निजामकालीन हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला आणि त्याच गॅझेटच्या आधारे बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी मोर्चे काढले; उत्तरादाखल आदिवासींचेही मोर्चे निघाले. सीमेपलीकडे 2017च्या अखेरीस गोंड आणि लंबाडा याच यादीवरून समोरासमोर आले होते. विलीनीकरणाच्या बैठकांत नकाशे असतात. विलीनीकरणानंतर तेलंगणाच्या जमात प्रमाणपत्राचं काय होणार, त्या आधारावर केलेल्या दाव्याचं काय, शेजारच्या कोलामाच्या हक्काला धक्का लागेल का, ही माहिती त्या नकाशात नसते. ती गावागावात बसून, दोन्ही राज्यांचे तलाठी आणि ग्रामसभा समोर ठेवून, घरटी लिहावी लागेल: कोण कधी आलं, आधी इथे कोण कसत होतं, कोणता कागद कोणत्या राज्याचा. हे काम राज्यांनी हद्दीवर सही करायच्या आधी व्हायला हवं.