वाम आणि दक्षिण : एका संज्ञाद्वयाचा प्रवास

मराठीत 'वाममार्गाला लागणे' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्यामागे एखादी पारिभाषिक संज्ञा असेल हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. वाममार्गाने मिळवलेला पैसा म्हणजे लबाडीने मिळवलेला पैसा. वाममार्गाला लागलेला मुलगा म्हणजे बिघडलेला मुलगा. दुसरीकडे, युरोप-अमेरिकेतील गूढविद्येच्या वाङ्मयात 'डाव्या हाताचा मार्ग' ही संज्ञा गेली सुमारे दीडशे वर्षे वावरत आहे. तेथे ती प्रथम काळ्या जादूची वाचक होती आणि पुढे काही पंथांनी तीच अभिमानाचे बिरुद म्हणून मिरवली. या दोन्ही प्रयोगांचे मूळ तंत्रशास्त्रातील वामाचारात आहे. परंतु तंत्रग्रंथांतील अर्थ या दोहोंपेक्षा वेगळा आहे. हा भेद लक्षात न घेता तांत्रिक वाङ्मयाकडे वळणारा समीक्षक ग्रंथ वाचण्यापूर्वीच त्याचा निकाल देऊन मोकळा होतो. म्हणून या संज्ञाद्वयाच्या अर्थाचा प्रवास क्रमाने पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार. संस्कृतात 'वाम' म्हणजे डावा, 'वाम' म्हणजे प्रतिकूल, आणि 'वाम' म्हणजे सुंदरही. 'वामलोचना' ही डाव्या डोळ्याची नव्हे, सुंदर डोळ्यांची स्त्री होय. आणि 'वामा' म्हणजे तर स्त्रीच. अर्धनारीश्वराचे डावे अंग देवीचे आहे, आणि पत्नीला 'वामांगी' म्हणताना कोणाच्याही मनात निंदेचा भाव नसतो. 'दक्षिण' या शब्दातही उजवा, दक्षिण दिशेचा, कुशल आणि अनुकूल असे अर्थ एकवटले आहेत. साहित्यशास्त्रातील 'दक्षिण' नायक या शेवटच्या अर्थाचाच धनी आहे. वैदिक कर्मकांडात देवकार्याच्या वेळी यज्ञोपवीत सव्य असते आणि पितृकार्याच्या वेळी अपसव्य. पितृकार्य अपसव्याने होते म्हणून ते पाप ठरत नाही. तेथे डावे-उजवे हा भेद शुभाशुभाचा नसून क्षेत्राचा आहे : देवांचे क्षेत्र वेगळे, पितरांचे वेगळे. ही भूमिका ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विचार सुकर होतो.

तांत्रिक वाङ्मयात वाम आणि दक्षिण यांचा एक प्राचीन उपयोग ग्रंथांच्या वर्गीकरणासाठी झालेला आढळतो. सदाशिवाला पाच मुखे आहेत आणि त्या मुखांतून शैव आगमांचे वेगवेगळे स्रोत निघाले, अशी कल्पना आहे. सदाशिव पूर्वाभिमुख मानला की त्याची उजवी बाजू दक्षिणेला आणि डावी उत्तरेला येते. उत्तरेकडील वामदेव मुखातून निघालेली ती वामतंत्रे, आणि दक्षिणेकडील अघोर मुखातून निघालेली ती भैरवतंत्रे. वामस्रोताचे उपास्य तुंबुरु हा शिव आणि त्याच्या जया, विजया, जयन्ती व अपराजिता या चार भगिनी. या स्रोतातील 'वीणाशिख' हे तंत्र आज उपलब्ध असून त्याची संशोधित आवृत्ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. कंबोडियातील स्दोक काक थोम येथील अकराव्या शतकाच्या मध्याच्या शिलालेखात 'वीणाशिखा'सह याच स्रोतातील चार ग्रंथांची नावे कोरलेली आहेत. राजा दुसरा जयवर्मा याच्यासाठी झालेल्या विधीच्या संदर्भात, म्हणजे राज्याच्या प्रतिष्ठेच्या संदर्भात, ती आली आहेत. याउलट स्मशान, कपाल आणि उग्र देवता यांनी भरलेली भैरवतंत्रे 'दक्षिण' स्रोतात मोडतात. ज्या उपासनेला पुढील काळाने डोळे झाकून 'वाम' म्हटले असते, ती येथे उजव्या बाजूला उभी आहे. या वर्गीकरणात डावे-उजवे ठरते ते देवाच्या मुखावरून, साधकाच्या शीलावरून नव्हे.

दुसरा आणि अधिक परिचित उपयोग आचारभेदाचा आहे. 'कुलार्णवतंत्रा'त वेदाचार, वैष्णवाचार, शैवाचार, दक्षिणाचार, वामाचार, सिद्धान्ताचार आणि कौलाचार असा सात आचारांचा चढता क्रम सांगितला आहे. या क्रमात वामाचार दक्षिणाचाराच्या वरच्या पायरीवर आहे. दोघांतील दृश्य भेद पंचमकारांच्या उपयोगाचा. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन ही पाच द्रव्ये वामाचारी प्रत्यक्ष वापरतो. दक्षिणाचारी त्यांच्या जागी अनुकल्प योजतो. 'महानिर्वाणतंत्रा'त मद्याऐवजी दूध, साखर आणि मध यांची योजना आहे. साधकांचेही पशु, वीर आणि दिव्य असे तीन भाव मानले आहेत. पशुभावाच्या साधकाला, म्हणजे भीती, लज्जा, घृणा इत्यादी पाशांनी बांधलेल्या माणसाला, प्रत्यक्ष द्रव्यांचा अधिकार नाही. तो वीराचा आहे. आणि वीराचा मार्ग सोपा असल्याचे हे ग्रंथ कोठेही सांगत नाहीत. मद्यपानाने सिद्धी मिळत असती तर सगळेच मद्यपी सिद्ध झाले असते, असा उपहास 'कुलार्णवा'नेच केला आहे, आणि तलवारीच्या धारेवरून चालणे या मार्गापेक्षा सोपे असल्याचा इशाराही दिला आहे.

या आचाराचा हेतू काय, याचे सर्वांत प्रगल्भ विवेचन काश्मीरच्या अभिनवगुप्ताने केले. मराठी समीक्षेला अभिनवगुप्त परका नाही. रसचर्चा 'अभिनवभारती' आणि 'लोचन' या टीकांना वगळून पुढे जात नाही. परंतु हाच अभिनवगुप्त जालंधरच्या शंभुनाथाकडून कौलदीक्षा घेतलेला साधक होता, आणि त्याच्या 'तंत्रालोका'च्या एकोणतिसाव्या आह्निकात कुलयागाचे सविस्तर निरूपण आहे. त्याच्या मते शुद्ध-अशुद्ध हा भेद वस्तूत नसून संकुचित झालेल्या संविदेत आहे. निषिद्ध द्रव्याचा उपयोग सुखासाठी नसून 'शंका' नावाचा जो आतला संकोच, तो मोडण्यासाठी आहे. येथे एक सूक्ष्म भेद जपला पाहिजे. या दर्शनाला 'मी'चा नाश अभिप्रेत नाही. 'मी'भोवतीच्या कुंपणाचा नाश अभिप्रेत आहे. देहाशी, जातीशी आणि प्रतिष्ठेशी जखडलेली अहंता विस्तारून पूर्णाहंता व्हावी, हे साध्य. रसास्वादातील विघ्नांची गणना करताना स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून राहणे हे एक विघ्न अभिनवगुप्ताने मानले आहे. कुलयाग आणि नाट्यानुभव एकच होत असे कोणी म्हणणार नाही. पण दोन्ही ठिकाणी विचाराची दिशा एकच आहे, हे नाकारणेही कठीण आहे.

भारतीय समाजाने हा मार्ग सुखाने मान्य केला, असे मात्र समजू नये. अभिजात नाटकांत कापालिक आणि कौल बहुधा उपहासाचे किंवा भयाचे विषय आहेत. सातव्या शतकातील महेन्द्रवर्म्याच्या 'मत्तविलासा'त मद्यपी कापालिक हास्याचा धनी होतो. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'तील भैरवानंद भोगांची फुशारकी मारतो. तरी कथानक पुढे सरकते ते त्याच्याच सिद्धीने. या बाबतीत सर्वांत विचारप्रवर्तक नाटक म्हणजे विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीचे 'मालतीमाधव'. त्यातील अघोरघंट मालतीला चामुंडेपुढे बळी देऊ पाहतो, म्हणून वाममार्गी क्रौर्याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. पण त्याच नाटकातील सौदामिनी श्रीपर्वतावर कापालिक व्रत आचरून सिद्धी मिळवते आणि त्या सिद्धीच्या बळावर प्रेमिकांचे रक्षण करते. मार्ग एक, फळे दोन. भवभूतीने दोष मार्गावर न टाकता माणसावर टाकला आहे. केवळ संज्ञेकडे पाहणाऱ्या वाचकाच्या नजरेतून ही गोष्ट निसटते.

मराठी परंपरेत हा प्रश्न मत्स्येन्द्रनाथाच्या कथेने जिवंत ठेवला. 'तंत्रालोका'च्या आरंभी मच्छंद या नावाने ज्याला वंदन केले आहे, तो कौलमताचा आद्य प्रवर्तक आणि ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेतील मत्स्येन्द्र यांना परंपरा एकच मानते. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला शिष्य गोरक्ष जागे करून परत आणतो, ही 'नवनाथ भक्तिसारा'ने घरोघरी पोहोचवलेली कथा. कौलसाधनेकडून ब्रह्मचर्यप्रधान हठयोगाकडे झालेल्या स्थित्यंतराची स्मृती तिच्यात उरली आहे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर तिचा एक विशेष नोंदवण्याजोगा आहे. शिष्य गुरूला बाहेर काढतो, पण गुरूचे गुरुपण नाकारत नाही. पुढे तुकोबांनी शाक्तांवर कठोर प्रहार केले, आणि कीर्तन-प्रवचनांतून तो निषेध सर्वसामान्य भाषेत मुरला. 'वाममार्ग' हा शब्द मराठीत शिवीच्या पदवीला पोहोचला तो पाश्चात्त्यांच्या प्रभावाने नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

पाश्चात्त्यांकडे हा शब्द गेला तो प्राच्यविद्येच्या वाटेने. होरेस हेमन विल्सन यांनी हिंदूंच्या धर्मपंथांविषयीचा आपला दीर्घ प्रबंध १८२८ आणि १८३२ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'मधून प्रसिद्ध केला. शाक्तांचे दक्षिणाचारी आणि वामाचारी असे त्यांनी केलेले विभाजन इंग्रजी वाचकांपुढे उजव्या आणि डाव्या हाताच्या रूपात आले. भाषांतर शब्दशः बरोबर होते. पण ते ज्या भाषेत गेले तेथे डाव्या हाताचा इतिहास वेगळा होता. लॅटिनमधील डाव्याचा वाचक 'सिनिस्टर' हा शब्द इंग्रजीत अशुभाचा झाला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या चित्रात मेंढरे उजवीकडे, शेरडे डावीकडे, आणि डावीकडच्यांच्या वाट्याला चिरंतन अग्नी. पायऱ्यांचा क्रम दाखवणारी संज्ञा अशा रीतीने तारण आणि शाप यांच्या द्वंद्वात जाऊन पडली.

हे द्वंद्व गूढविद्येच्या क्षेत्रात रूढ करण्याचे कार्य मुख्यतः हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी केले. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. १८७९ च्या आरंभी ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट मुंबईस आले, आणि १८८२ च्या अखेरीस अड्यारला जाईपर्यंत संस्थेचे केंद्र मुंबईतच होते. 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिकही मुंबईतूनच सुरू झाले. त्या काळात या संस्थेचे काही वर्षे सख्य होते ते आर्यसमाजाशी, म्हणजे 'सत्यार्थप्रकाशा'त वाममार्गाची निर्भर्त्सना करणाऱ्या दयानंदांशी. ब्लाव्हाट्स्कींच्या लेखनात उजवा मार्ग परोपकारी शुभ्र विद्येचा आणि डावा मार्ग स्वार्थी काळ्या विद्येचा झाला. तिबेट-भूतानमधील द्रुक्पा या बौद्ध परंपरेचे नावही त्यांनी काळ्या जादूगारांना लावून टाकले. शब्द आशियातील, निवाडा मात्र युरोपातील, असा हा प्रकार होता.

अॅलिस्टर क्रोली (१८७५-१९४७) याच्या हाती या संज्ञेला आणखी एक वळण मिळाले. त्याच्या विद्येत लैंगिक विधींना महत्त्वाचे स्थान होते. तंत्रशास्त्राच्या परिभाषेत तो वामाचाराच्या जवळचाच ठरला असता. पण 'डाव्या हाताच्या मार्गाचे बंधू' ही पदवी त्याने दिली ती अंतिम गर्ता ओलांडताना आपली अहंता सोडण्यास नकार देणाऱ्या साधकांना. येथे कसोटी द्रव्याची किंवा विधीची उरली नाही, अहंतेची झाली. पुढे १९६६ मध्ये अँटन लावे याने सॅन फ्रान्सिस्को येथे सैतानाचे 'चर्च' स्थापन केले आणि १९७५ मध्ये मायकेल अॅक्विनो याने त्यातून फुटून 'टेम्पल ऑफ सेट' उभारले. या पंथांनी क्रोलीची निंदा जणू शिरोधार्य मानली. स्वतंत्र, अलग आणि कोणातही विलीन न होणारे व्यक्तित्व हेच साध्य असल्याचे सांगून त्यांनी डावा मार्ग आपला म्हणून जाहीर केला.

या ठिकाणी संज्ञेचे वर्तुळ उलटे फिरले आहे. वामाचार कुंपण मोडण्यासाठी होता. त्याचे नाव घेतलेले हे पंथ कुंपणाची प्रतिष्ठा वाढवतात. निषेध ओलांडणे दोन्हीकडे आहे, म्हणून बाह्य साम्य भासते. परंतु कौलाचे ओलांडणे दीक्षेच्या, गुरूच्या आणि मंत्राच्या शिस्तीत होते, आणि निषेध ज्याला लागतो त्या संकुचित 'मी'लाच ते लक्ष्य करते. पाश्चात्त्य चर्चेत अहंतेचा विलय आणि अहंतेचे मंडन असे दोनच पर्याय समोर ठेवले जातात. पूर्णाहंतेची तिसरी भूमिका त्या चौकटीत बसत नाही. सर जॉन वुड्रॉफ (१८६५-१९३६) यांनी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सांभाळून तंत्रग्रंथांचे संपादन केले आणि वामाचारातील 'वामा' म्हणजे स्त्री या अर्थाकडे लक्ष वेधले. तरी एकदा रूढ झालेले भाषांतर हटले नाही.

मात्र गैरसमज दूर करणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. कुलयागातील दूतीला शास्त्राने शक्तीचे स्थान दिले. पण ग्रंथांतून बोलतो तो बहुधा पुरुष साधक, आणि विधीची गुप्तता दंभाला व शोषणाला आडोसा देऊ शकते. 'कुलार्णवा'चे इशारे निष्कारण दिलेले नाहीत. तुकोबांच्या रोषामागेही नैतिक अनुभव आहे, आणि समीक्षेने त्याचेही मोल ओळखले पाहिजे.

तरीही समीक्षकाचे पहिले कर्तव्य उरतेच : ग्रंथ 'वाम' म्हणतो तेव्हा तो मुखाविषयी बोलतो आहे, आचाराविषयी की निंदेविषयी, हे आधी ठरवावे. 'ललितासहस्रनामा'ने देवीला सव्य आणि अपसव्य अशा दोन्ही मार्गांवर स्थित मानले आहे. तेवढे औदार्य समीक्षेला साधले नाही तरी, अभिनवगुप्ताचा रसविचार शिरोधार्य मानून त्याच्या साधनेपुढे मान फिरवण्याचे सव्यापसव्य तिने यापुढे करू नये.