१०८ मिलिसेकंद

२०१३च्या आधी नागपुरातल्या बहुतेक घरांत केबलचा टीव्ही बघायला एक रिमोट पुरायचा. केबलवाल्यानं गच्चीवरून ओढलेली वायर थेट टीव्हीच्या पाठीत खोचलेली असायची आणि कोणता चॅनेल कितव्या नंबरावर लागतो ते घरातल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असायचं. मग केबलच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा आला. ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. देशातल्या ३८ शहरांत तोपर्यंत सेट टॉप बॉक्स बसवायचे होते आणि पुणे, नाशिक, ठाणे, सोलापूर यांच्यासोबत नागपूरही त्या यादीत होतं. महालातले वाडे, धंतोलीतले बंगले, मानेवाड्यातले फ्लॅट, सगळीकडे टीव्हीशेजारी एक काळा डबा आणि टीपॉयवर दुसरा रिमोट येऊन बसला. चित्र लख्ख झालं, चॅनेल शेकड्यांनी वाढले. आणि घरातला फ्यूज स्वतः बदलणारी, रेडिओ उघडून दुरुस्त करणारी माणसं ‘नो सिग्नल’ लिहिलेल्या पडद्यासमोर नातवाची वाट बघत बसू लागली.

‘त्यांना आता जमत नाही’ असं आपण किती सहज म्हणतो! पण रिमोटच्या पोटात, पडद्यावरच्या अक्षरांत आणि म्हाताऱ्या डोळ्यांत डोकावून पाहिलं, की हे वाक्य पार उलटं वाटायला लागतं. या यंत्रातले आकडे पंचविशीतल्या माणसाच्या मापानं बेतलेले आहेत. सत्तरीतला माणूस त्या मापात रोज स्वतःला कोंबतो आणि तरीही बहुतेक वेळा बातम्या लावून दाखवतो. मला तर त्याचंच जास्त नवल वाटतं.

आधी त्या दोन रिमोटांचं बघू. दोन्हींवर लाल बटण. टीव्ही चालू किंवा बंद, डबा चालू किंवा बंद, म्हणजे चार शक्यता, आणि चित्र दिसतं फक्त एकीत. त्यात टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ नावाचं बटण. ते चुकून दाबलं गेलं, की टीव्ही डब्याकडे बघायचं सोडून दुसऱ्याच, रिकाम्या खाचेकडे बघायला लागतो. पडद्यावर तेच ‘नो सिग्नल’. डबा बंद आहे, वायर निघाली आहे की खाच बदलली आहे, यातलं काहीही तो सांगत नाही. कारण न सांगता रुसून बसणाऱ्या यंत्रासमोर कुणीही गोंधळेल. तरुण माणूस चारदोन बटणं धडाधड दाबून बघतो आणि योगायोगानं सुटतो, एवढाच फरक.

आता रिमोट हातात घ्या. त्याच्या टोकाला वाटाण्याएवढा दिवा असतो. बटण दाबलं की तो पेटतो, पण तो प्रकाश अवरक्त असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून, शक्यतो सेल्फीचा, रिमोट त्याच्याकडे रोखा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनच्या पडद्यावर एक जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो. तुमची आज्ञा खोलीभर पसरताना तुम्ही बघत असता.

ही आज्ञा कशी जाते ते ऐकण्यासारखं आहे. जपानच्या एनईसी कंपनीनं बसवलेली एक पद्धत असंख्य रिमोटांत वापरली जाते. तिच्यात दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा फडफडतो, म्हणजे उन्हाच्या किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात तो हरवत नाही. आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक. मग यंत्राचा पत्ता, मग तोच पत्ता उलटा करून, मग बटणाचा क्रमांक, मग तोही उलटा करून. दोन्ही जुळले तरच समोरचा डबा ऐकतो, एरवी गप्प राहतो. हा सगळा संवाद सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपतो. आणि बोट बटणावर तसंच राहिलं, तर दर १०८ मिलिसेकंदांनी एक छोटी खूण जाते: ‘अजून दाबलेलंच आहे’.

घोळ इथे आहे. चपळ बोट बटणावरून पटकन उठतं. संधिवातानं आखडलेलं बोट, किंवा बटण नीट दाबलं गेलं याची खात्री करून घेणारं सावध बोट, तिथे जास्त वेळ टेकतं. तेवढ्यात दोन-तीन खुणा निघून गेलेल्या असतात. त्या खुणांना डब्यानं काय समजायचं, हे त्यातलं सॉफ्टवेअर लिहिणारा ठरवतो. त्यानं घाई केली असेल तर एकदा दाबलेलं बटण दोनदा मोजलं जातं आणि हवा तो चॅनेल मागे पडतो. हाच माणूस तीन आकडी नंबर दाबायला गेला तर गोष्ट नेमकी उलटी. पाच दाबला, चष्म्याच्या खालच्या भागातून एक शोधला, तोही दाबला, आता सात शोधतोय, तेवढ्यात डब्याचा धीर सुटतो आणि ५१ नंबर लागतो. एका ठिकाणी यंत्र फार पटकन मोजतं, दुसऱ्या ठिकाणी फार लवकर थांबतं. दोन्ही जागी बदलायचा असतो तो एकेक आकडा.

पाचच्या बटणावर पुष्कळ रिमोटांत एक बारीक उंचवटा असतो. न बघता बोट ठेवायची ती खूण. पण वयाबरोबर बोटांच्या टोकांची जाणीव मंदावते. त्यात आपल्याकडे रिमोट नवा राहावा म्हणून त्याला प्लास्टिकचं कव्हर चढवायची रीत, त्या कव्हराखाली हा उंचवटा बुजून जातो. मग घरोघरी उपाय निघतात. चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा थेंब, नको त्या बटणांवर चिकटपट्टी. मला हे उपाय फार मोलाचे वाटतात. रिमोट बनवणाऱ्यांनी या चिकटपट्ट्या बघायला हव्यात, कारण कोणती बटणं नकोत याची यादीच त्यांवर आहे. रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी १९५६ साली झेनिथ कंपनीसाठी जो बिनतारी रिमोट केला, त्याला चारच बटणं होती आणि बॅटरी नव्हतीच. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चार कांड्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा उंच नाद निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा.

डोळ्यांचं काय होतं? वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळट होतं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. पिवळं भिंग निळा रंग अडवतं, म्हणून काळ्यावर गडद निळं किंवा निळ्यावर करडं असं काही लिहिलं तर ते पार विरून जातं. आणि चॅनेलच्या याद्या बनवणाऱ्यांना नेमकी हीच रंगसंगती आवडते.

अक्षरांचा हिशोब तर मांडण्यासारखाच आहे. निरोगी डोळ्याला तीन मीटरवरून कसंबसं ओळखता येणारं रोमन अक्षर सुमारे साडेचार मिलिमीटर उंच असतं. आरामात वाचायचं तर त्याच्या तिप्पट, म्हणजे तेरा मिलिमीटर तरी हवं. ३२ इंची फुल एचडी टीव्हीवर याचे साधारण ३५ पिक्सेल होतात. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी आणखी वाढवा. आता त्याच ओळीत देवनागरी बसवून बघा. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. ओळीची उंची तीच ठेवली तर मधलं अक्षर दाबून लहान करावं लागतं, मग अनुस्वाराचा ठिपका आणि रफाराचा आकडा तीन मीटरवरून जवळपास सारखेच दिसायला लागतात. रोमन लिपीसाठी कापलेल्या चौकटीत मराठी कोंबली की असं होतं. उजळ अक्षर, गडद पार्श्वभूमी, एका पडद्यावर सहा-सातच नावं आणि देवनागरीला तिच्या हक्काची उंची, एवढं केलं तरी यादी वाचता येते.

आणि कान. नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५च्या आसपास, पडदे ओढलेले, खिडकीत लोखंडी कूलर घरघरतोय. म्हातारपणी ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीपासून. स, श, फ, थ अशा व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते शाबूत राहतात. म्हणून ‘आवाज येतो पण बोलणं कळत नाही’ अशी तक्रार असते, आणि ती अक्षरशः खरी असते. कूलरचा पंखा आणि ताट्यांवरून पाझरणारं पाणी मिळून जो सुस्कारा काढतात, तो या उरल्यासुरल्या व्यंजनांवर पांघरूण घालतो. आवाज वाढवला की स्वर कानठळ्या बसवतात, व्यंजनं तिथल्या तिथेच. घरात भांडण होतं ते वेगळंच.

यावर जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेनं काढलेली युक्ती वाचून मी थक्क झालो. निवेदकाचं बोलणं त्यांनी सावकाश केलं, आवाजाची पट्टी न बदलता. पण मग बातम्या वेळेवर संपणार कशा? वाक्यांमधल्या श्वासाच्या जागा त्यांनी किंचित आखडल्या. शब्द लांबतात, विराम आटतात, आणि निवेदक वेळेवरच नमस्कार करतो.

युरोपात २०१० ते २०१३ या काळात ‘गाइड’ नावाचा प्रकल्प खास ज्येष्ठांच्या टीव्हीसाठी चालला. त्यातली कल्पना अशी: टीव्हीनं पहिल्याच दिवशी माणसाची ओळख करून घ्यायची. हे अक्षर दिसतं का, हा आवाज ऐकू येतो का, हे बटण दाबून बघा. आणि उत्तरांवरून अक्षर, रंग, आवाज, वेळ स्वतःच जुळवून घ्यायची. केंब्रिजच्या बाजूनं त्यात काम करणारे प्रदीप्त बिस्वास पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. ब्रिटननं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद केलं तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी बीबीसीमार्फत मदत योजना होती: वापरायला सोपा डबा, घरी येऊन जोडणी, आणि समोर बसून शिकवणं. नागपुरात हे काम केबलवाल्या पोरानं केलं. वसुलीला आला की ‘काकू, हे दाबायचं नाही’ म्हणत सोर्स पूर्ववत करून जाणारा तो मुलगा कुठल्याही योजनेत नव्हता.

दुसऱ्या रिमोटपासून सुटका करणारी एक गोष्ट आता कागदावर आली आहे. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ साली टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचं मानक काढलं. तसा टीव्ही घेतला तर छपरावरच्या डिशची वायर थेट त्याला जोडायची, आणि दूरदर्शनसारखे मोफत चॅनेल डब्याशिवाय दिसतील.

बाकीच्यांची भिस्त बोलून चालवायच्या रिमोटवर आहे. बटण दाबून धरा, तोंडाजवळ न्या, बोला. कूलरच्या घरघरीत ही सोय चांगली, कारण माइक ओठांपासून वीतभर अंतरावर असतो. पण बोलणं संपलं हे यंत्रानं ओळखायचं कसं? अनेक बोलक्या यंत्रांत ते शांततेवरून ओळखलं जातं: ठरावीक वेळ आवाज आला नाही की वाक्य पुरं झालं असं धरायचं. ही वेळ बऱ्याचदा सेकंदाच्या आसपास असते. ऐंशीच्या आजी ‘अरे, ते सकाळचं...’ म्हणून थांबतात, ‘कीर्तन लाव’ म्हणायच्या आत यंत्रानं ‘सकाळचं’ शोधायला घेतलेलं असतं. तिथेही एक आकडाच आहे. तो दोन सेकंदांचा केला तर कीर्तन लागतं.