जुन्या ट्रॅक्टरास तेलदाबमापक बसविणे

भंडारा जिल्ह्यात भाताची रोवणी हे वर्षातील मुख्य काम होय. पावसाने बांध्या भरल्या, की चिखलणीस प्रारंभ होतो. पऱ्ह्यातील रोपे साधारणतः २१ ते २५ दिवसांची असताना लावणे हितावह असते. ऐन ह्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, तर रोपे पऱ्ह्यातच वाढून बसतात, बोलावलेले मजूर रिकामे राहतात आणि बांधीतील पाणी वाया जाते. इंजिन जाम होण्याची कारणे अनेक आहेत. परंतु वंगण तेलाचा दाब नाहीसा होणे हे त्यांतील अत्यंत घातक कारण होय. त्याची सूचना आधी मिळावी, यासाठी जुन्या ट्रॅक्टरास तेलदाबमापक बसविणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे.

तेलाचा दाब म्हणजे काय?

इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीतील तेल पंपाने ओढले जाते आणि गाळणीतून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांकडे ढकलले जाते. शाफ्ट व बेअरिंग यांतील फट अत्यंत बारीक असते. तेलास सहज वाट मिळत नाही, म्हणून नळीत दाब निर्माण होतो. बेअरिंग झिजले, की फट रुंदावते आणि दाब उतरतो. माजी मालगुजारी तलावाच्या पाटास वरच्या अंगाला भगदाड पडले, तर शेवटच्या बांधीस पाणी पोहोचत नाही. इंजिनातही तसेच घडते. म्हणून तेलाचा दाब पाहणे म्हणजे इंजिन न उघडता त्याच्या झिजेचा अंदाज घेणे होय.

चिखलणीत ह्या गोष्टीस विशेष महत्त्व येते. लोखंडी केजव्हील लावून ट्रॅक्टर तासन्‌तास चिखलात जड काम करतो. चिखल व काडीकचरा यांनी रेडिएटरची जाळी बुजते, इंजिन तापते, तेल पातळ होते आणि दाब आणखी घटतो.

दिवा व मापक यांतील भेद

अनेक ट्रॅक्टरांवर तेलासाठी केवळ लाल दिवा असतो. तो ज्या स्विचावर चालतो, तो स्विच दाब बहुधा दर चौरस सेंटिमीटरास अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास उतरल्यावरच दिवा लावतो. चार किलोग्रॅमांवरून दाब दीडावर आला, तरी दिवा मूकच राहतो. तो पेटतो तेव्हा अनेकदा हानी होऊन चुकलेली असते. मापकाचा काटा मात्र ही उतरण प्रथमपासून दाखवितो. काही जुन्या ट्रॅक्टरांस मूळचेच मापक असते, परंतु काटा वर्षानुवर्षे एकाच जागी अडकलेला असतो. असे मापक नसल्यासारखेच समजावे.

यांत्रिक मापकाची रचना साधी आहे. फ्रान्समधील युजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये ती शोधून काढली. चपट्या, वाकविलेल्या नळीत दाबाचे तेल शिरले, की नळी सरळ होऊ पाहते आणि ती हालचाल काट्यास मिळते. त्यास विजेची गरज लागत नाही, म्हणून जुन्या ट्रॅक्टरास हेच मापक सोयीचे ठरते.

बसविण्याची रीत

सात किलोग्रॅमांपर्यंत आकडे असलेले मापक, तांब्याची किंवा तेलास टिकणारी नायलॉनची बारीक नळी, तिचे जोड आणि एक टी-जोड एवढे साहित्य पुरते. टी-जोडामुळे जुना दिवाही कायम राहतो. तो काढून टाकू नये.

१. इंजिन थंड असताना बॅटरीची तार सोडावी. स्विचाभोवतीची माती पुसून मगच तो काढावा.

२. स्विचाचे आटे नीट ओळखून त्याच आट्यांचा जोड घ्यावा. अष्टमांश इंची आट्यांच्या एका प्रकारात इंचास २८ व दुसऱ्यात २७ आटे असतात. चुकीचा जोड दोन-तीन फेरे सहज बसतो, नंतर अडतो. बळ केल्यास इंजिनाचे आटे बिघडतात. जोड हातानेच बऱ्याच अंशी बसला पाहिजे.

३. निमुळत्या आट्यांवर सीलची पट्टी लावताना टोकाचे दोन आटे मोकळे ठेवावेत. पट्टीचा तुकडा तेलमार्गात गेल्यास मार्ग बुजू शकतो. एका तारेच्या स्विचास इंजिनाच्या धातूतूनच विजेची परतवाट मिळते; पट्टी जास्त गुंडाळल्यास दिवा लागत नाही.

४. तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन तडकते. म्हणून इंजिनाजवळ तिची दोन-तीन वेटोळी ठेवावीत. नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी, पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसवावे आणि जागोजागी पट्ट्यांनी बांधावी. ह्या नळीत दाबाचे तेल असते. ती तुटल्यास इंजिन थोड्याच वेळात कोरडे पडेल. म्हणून ह्या कामात कसूर करू नये.

५. तेलाची पातळी पाहून इंजिन मंद गतीने चालू करावे व सर्व जोड तपासावेत. बंद करून पुन्हा पातळी पाहावी.

काट्याचे वाचन

थंड इंजिनात तेल घट्ट असल्याने काटा वर राहतो. त्यावर समाधान मानू नये. अर्धा तास काम झाल्यावरचा आकडा खरा. सर्वसाधारणपणे तापलेल्या इंजिनाचा दाब कामाच्या गतीस दोन ते चार किलोग्रॅम आणि मंद गतीस एक किलोग्रॅमच्या आसपास असतो. तथापि आपल्या ट्रॅक्टराच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. मापकावर पौंडांचे आकडे असल्यास सुमारे १४ पौंड म्हणजे एक किलोग्रॅम धरावे.

दर पंधरा दिवसांनी दोन्ही गतींचे आकडे वहीत लिहावेत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन हंगामांतील फरक अधिक बोलका असतो.

दाब उतरल्यास

काटा एकाएकी शून्याकडे आला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. “धुऱ्यापर्यंत नेऊ” असे म्हणू नये. तेवढ्या अंतरात शाफ्ट निकामी होऊ शकतो. नंतर तेलाची पातळी व नळीची गळती पाहावी. तेलास डिझेलचा वास येत असल्यास ते पातळ झाले आहे असे समजावे. हे सर्व ठीक असल्यास दुसरे खात्रीचे मापक लावून पाहावे आणि त्यानंतरच मिस्त्रीकडून गाळणी, पंप, दाबनियंत्रक झडप व बेअरिंग तपासून घ्यावे.

काटा वर दिसावा म्हणून शिफारशीपेक्षा घट्ट तेल घालणे किंवा झडप आवळणे अयोग्य होय. त्याने काटा चढतो, झीज थांबत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच आपल्या गावातील जुन्या ट्रॅक्टरांच्या मालकांस ह्या वहीची सवय लावावी. चैत्र-वैशाखात दाब उतरलेला दिसला, तर बेअरिंग बदलण्यास अवधी असतो. तोच दोष आषाढात उघडकीस आला, तर एका ट्रॅक्टराबरोबर अनेक कुटुंबांची रोवणी अडते.